आसऱ्याची पट्टी

"लाज वाटते का? थोडी तरी? काल याच पानावरून उचललं होतं तुला. याच! आणि आज पुन्हा इथंच येऊन बसलीस, वर माझ्याकडे बघतेस!"

न्हाणीघराच्या खिडकीबाहेरून हे ऐकू आलं तेव्हा सूनबाईच्या तोंडात टूथब्रश होता. नुकतं कुठे फटफटलं होतं. तिने टाचा उंचावून जाळीतून पाहिलं. खिडकीला चिकटूनच मक्याची ओळ होती आणि त्या ओळीत तिचे सासरे ओणवे झाले होते. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, गळ्यात मफलर आणि चिमटीत एक गुबगुबीत, हिरवट, वळवळती अळी.

"चाळण केलीस पानाची. रफू करायलाही जागा ठेवली नाहीस," आप्पा अळीला म्हणाले आणि तिला डब्यात सोडून मक्याच्या पुढच्या ताटाकडे वळले. "आता तू. कोवळ्या पानांच्या पोंग्यात लपून काही उपयोग नाही. शेपूट दिसतंय."

सूनबाईने टूथपेस्टचा फेस गिळला. चव बरी नव्हती, पण जे कळलं होतं ते त्याहून कडू होतं. गेले कित्येक आठवडे ती ज्या चोराच्या मागावर होती तो चोर तिच्याच घरात राहत होता, तिच्याच हातचा चहा पीत होता आणि चहात साखर विसरली तरी "छान झालाय" म्हणत होता.

हे प्रकरण नीट कळायचं तर आधी पट्टीची हकिगत सांगायला हवी.

सूनबाई पीक संशोधन केंद्रात कीटकांचं काम बघायची. केंद्रात तिला सगळे अळीमॅडम म्हणत आणि तिलाही ते आवडायचं. नुसत्या मॅडम काय, दर टेबलाला एक असते. केंद्राच्या आवारातच राहायला घर, घरामागे थोडी जमीन, जमिनीपलीकडे ओढा, आणि ओढ्यापलीकडे नजर पोचेल तिथवर बागायतदारांचा बीटी मका. म्हणजे असा मका, की ज्याच्या बियाण्यातच करामत केलेली. पानात, देठात, मुळात, सगळीकडे अळीला मारणारं विष आपलं आपण तयार होतं. अळीने दोन घास घेतले की तिचा कारभार आटोपला. फवारणीचा पंप खुंटीला टांगून ठेवता येतो म्हणून बागायतदार खूश.

सूनबाईचं काम ही खुशी संपते तिथून सुरू व्हायचं. पीक काढल्यावर ते विष जातं कुठे? धसकटांबरोबर मातीत गेलं तर किती टिकतं, गांडुळांना त्याचं काही वाटतं का, ओढ्यात उडून पडलेली पानं खाऊन, तळाशी वाळूच्या कणांचं घर पाठीवर ओढत हिंडणारे ते चिमुकले किडे मजेत राहतात की आजारी पडतात? त्यासाठी ती मातीचे नमुने खणायची, गुडघाभर पाण्यात उभी राहून दगड उलटे करायची. उत्तरं हळूहळू मिळत होती. काही दिलासा देणारी, काही कपाळाला आठी पाडणारी. पण तिची झोप उडवणारा प्रश्न वेगळाच होता. अळ्या या विषाला सरावल्या तर?

कारण लाखांत एखादी अळी अशी निघतेच की जिला ते पचतं. तिचा पतंग होतो. त्याला जोडीदारही पचवणाराच भेटला तर पोरं सगळी पचवणारी. मग बियाण्याची करामत फुकट, पंप पुन्हा पाठीवर, आणि ओढ्यात काय काय उतरेल ते विचारूच नका. यावर तोडगा असा की मोठ्या शेताच्या कडेला साध्या मक्याची पट्टी राखायची आणि तिथे अळ्यांना पोटभर खाऊ द्यायचं. त्यांचे साधेसुधे पतंग ढिगाने झाले की तो एखादा पचवणारा त्यांच्यातच सोयरीक करतो, आणि पोरं पुन्हा विषाला बळी पडणारी निपजतात. या तुकड्याला म्हणायचं आसऱ्याची पट्टी. सूनबाई बागायतदारांना सांगायची, "विवाह मंडळ काढलंय असं समजा. जेवण तेवढं आपल्याकडे."

बागायतदार पोट धरून हसायचे आणि पट्टी काही ठेवायचे नाहीत. चांगल्या जमिनीत अळ्यांना जेवायला कोण घालेल? वर्षभर ती त्यांच्या अंगणांत, गोदामांत, ट्रॅक्टरच्या सावलीत उभी राहून घसा कोरडा करत होती. शेवटी त्यांच्यातली पुढारी, जिला सगळे ट्रॅक्टरवाली म्हणत, ती म्हणाली, "मॅडम, बोलणं पुष्कळ झालं. आधी तुमची पट्टी करा. आम्ही येऊन बघू. अळ्या दिसल्या तर पुढच्या हंगामापासून आम्ही सगळे ठेवू, माझा शब्द. नाही दिसल्या तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, तुमचा शब्द."

सूनबाईने शब्द दिला, घरामागे साधा मका लावला आणि राखणीला आप्पांना बसवलं.

आता हे आप्पा म्हणजे कोण? त्यांनी जन्मभर लाँड्री चालवलेली. वाफ, खळ आणि गरम सुती कापडाचा वास यात त्यांची हयात गेली. डाग दिसला की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. शाईचा, गंजाचा, तेलाचा, प्रत्येक डागावर त्यांच्याकडे इलाज होता. भोकावर मात्र नव्हता. लोकरीच्या कोटांना भोकं पाडणारी कसर ही त्यांची हाडवैरीण. तिच्यासाठी त्यांनी डांबरगोळ्यांची पोतीच्या पोती रिकामी केली असतील. चिरडली मात्र एकही नाही, कारण चिरडलं की डाग पडतो.

अशा माणसाला भोकं पाडणाऱ्या अळ्यांच्या राखणीला बसवणं ही सूनबाईचीच चूक. पण तिचाही नाइलाज होता. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या, लाँड्री दुसऱ्याला दिली आणि आप्पा मुला-सुनेकडे राहायला आले, तेव्हापासून ते खिडकीपाशी खुर्चीत बसून असायचे. वर्तमानपत्र वाचायचे, त्याची चारपदरी घडी घालायचे, ती मोडायचे आणि पुन्हा घालायचे. घरातले सगळे त्यांच्याशी काचेचं भांडं हाताळावं तसे वागत. जेवण कसं झालं? छान. गादी टोचत नाही ना? छे, छान आहे. आप्पा खोलीत आले की सगळ्यांचे आवाज खाली यायचे. मग एक दिवस सूनबाई म्हणाली, "आप्पा, माझं एक काम कराल? या पट्टीत गुरं शिरू द्यायची नाहीत आणि कुणाला फवारू द्यायचं नाही. बाकी काहीच करायचं नाही. नुसतं खाऊ द्यायचं."

"कुणाला?"

"अळ्यांना."

पांढऱ्या सदऱ्यावर शाईची दौत उपडी करून 'नुसता वाळत घाला' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. पण गोड बोलण्याचा करार दोन्ही बाजूंनी होता. "बरं," ते म्हणाले.

आणि थोड्याच दिवसांत आप्पा पालटले. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायला लागले, दाढी करायला लागले. जेवताना "अजून थोडं वाढ" म्हणाले तेव्हा सूनबाईच्या हातातला डाव तसाच हवेत राहिला. एका सकाळी तिचा नवरा स्वयंपाकघरात आला तो डोळे पुसतच. "अगं, ते शीळ घालतायत. ही शीळ मी शाळेत असताना ऐकली होती. इस्त्री करताना घालायचे."

नेमक्या त्याच सुमारास पट्टीतल्या अळ्या कमी व्हायला लागल्या.

सूनबाईने आधी पक्ष्यांवर संशय घेतला. मग गांधीलमाश्यांवर. मग तिच्या मनात आलं: ओढ्यापलीकडच्या मक्याचे पराग वाऱ्याने येऊन पानांवर बसत असतील आणि त्यातलं विष इथल्या अळ्यांना भोवत असेल तर? की बियाण्यातच भेसळ होती? तिने पानं धुऊन, ठेचून, पाण्यात कालवून त्यात तपासणीची कागदी काडी बुडवली. एक रेघ उमटली तर पान साधं, दोन उमटल्या तर विषाचं. ताडून बघायला तिने पलीकडचंही एक पान आणून तपासलं आणि ती दोन रेघांची काडी बेसिनच्या कडेवर वाळत ठेवली. नवऱ्याने ती पाहिली आणि दाराची चौकट धरून उभा राहिला.

"अगं... आपल्या वयात?"

"मक्याची आहे ती!"

"हां," तो म्हणाला. त्या 'हां'मध्ये सुटका किती होती आणि हिरमोड किती, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही.

घरामागच्या पानांवर मात्र एकच रेघ. मका साधाच होता. तरीही तिने बियाणेवाल्याला फोन करून फैलावर घेतलं, त्या बिचाऱ्याने आपल्या पोराबाळांच्या शपथा घेतल्या. आणि मग ती सकाळ उजाडली, न्हाणीघराची.

"तुम्ही सांगा त्यांना," नाश्त्याच्या टेबलावर ती नवऱ्याला कुजबुजत म्हणाली.

"मी?"

"वडील कुणाचे?"

"पट्टी कुणाची?"

"अहो, एवढं तर म्हणायचंय की वेचू नका. संपलं."

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. हे अक्षर दिसतं का, ते दिसतं का, असं लोकांना विचारण्यात त्याचा दिवस जायचा. स्वतः मात्र समोरचं न दिसल्यासारखं करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो उठला, मागच्या दाराशी गेला. सूनबाई कान देऊन बसली.

"आप्पा."

"काय रे?"

"ते पट्टीतल्या..."

"पट्टीतल्या काय?" आप्पांच्या आवाजात इतका उत्साह होता की तो भिंतीआडूनही दिसला.

"पट्टीतल्या मक्याने उंची छान धरलीय."

"धरलीय ना! तरी म्हटलं अजून कुणी काही बोललं कसं नाही!"

नवरा परत आला आणि गार झालेला चहा एका दमात प्यायला. "काय करू? हसले ते."

दुसऱ्या दिवशी सूनबाई आप्पांच्या मागोमाग गेली. डबा घेऊन ते ओढ्यावरची फळी ओलांडत होते, पलीकडे जाऊन बीटी मक्याच्या कडेला डबा हलकेच पालथा करत होते. "जा. इथं पुष्कळ आहे. आमच्याकडे पुन्हा यायचं नाही," असं वर बजावतही होते. सूनबाईने कपाळावर हात मारला. कोवळी अळी त्या मक्यावर मरते हे खरं, पण खाऊन-पिऊन धष्टपुष्ट झालेली अळी थोडंफार विष पचवून तगून जाऊ शकते. म्हणजे तिने वर्षभर ज्या गोष्टीविरुद्ध घसा फोडला, तीच तिचे सासरे रोज सकाळी डबाभर करत होते. अळ्यांना विष पचवायच्या शाळेत पोचवून येत होते, तेही हसतमुखाने.

आता बोलायलाच हवं होतं. ती फळीशी उभी राहिली, तोंड उघडलं. समोरून आप्पा रिकामा डबा हलवत आले.

"सूनबाई! काय हवा पडलीय बघ आज!"

"हो ना," ती म्हणाली. "छान."

मग तिने डोकं चालवलं. केंद्रात अळ्या पाळायची एक खोली होती. दार उघडलं की ओल्या उबेबरोबर खमिराचा आणि डाळीच्या पिठाचा वास अंगावर यायचा. फडताळांवर ओळीने झाकणाच्या वाट्या, वाटीत खाण्याचा एक चौकोन आणि एकच अळी. दोन ठेवल्या तर एकमेकींना खातात. त्या खोलीच्या कोपऱ्यात बारीक जाळीचा एक मोठा पिंजरा पडून होता. तिने तो आणून ओढ्याच्या अलीकडे, फळीच्या तोंडाशीच ठेवला, आत साध्या मक्याची ताटं कुंडीत लावून ठेवली आणि दार उघडं टाकलं. एक अक्षर बोलली नाही.

आप्पांनी पिंजरा पाहिला. मळके कपडे टाकायला जागोजागी टोपल्या ठेवणारा तो माणूस. उघड्या दाराची रिकामी टोपली दिसली आणि त्यात माल टाकला नाही, असं त्यांच्या हातून व्हायचंच नव्हतं. त्यांनी डबा आत रिकामा केला, दार लावलं, कडी घातली. तेही एक अक्षर बोलले नाहीत.

संध्याकाळी आप्पा फिरायला गेले की सूनबाई पिंजऱ्यातल्या अळ्या काढायची आणि पट्टीत, एकेका पोंग्यात, पुन्हा सोडायची. सकाळी आप्पा त्या वेचायचे. संध्याकाळी ती सोडायची. लाँड्रीसारखंच झालं ते. सकाळी माल गोळा, संध्याकाळी घरपोच. अळ्यांचं काय मत होतं कोण जाणे, पण त्यांच्या अंगावर बाळसं दिसत होतं. 'काल याच पानावरून उचललं होतं तुला' असं आप्पा अळीला म्हणायचे, ते आता खरंच असायचं.

आणि आप्पा? त्यांची कळी रोज नव्याने खुलत होती. "चिवट जात!" जेवताना ते कौतुकाने म्हणायचे, मग एकदम आठवण होऊन गप्प व्हायचे, कारण आपण वेचतो हे कुणाला ठाऊक नाही असा त्यांचा समज होता. मग नवरा घाईघाईने "कुठली जात?" असं न विचारता "पाणी देऊ?" असं विचारायचा. अळ्या डब्यात एकमेकींना चावतात हे आप्पांच्या लक्षात आलं तेव्हा ते डब्यात पानाचे तुकडे घालून पदर करायला लागले, सदऱ्यांच्या घड्यांमध्ये कागद घालावा तसे. सूनबाईला पिंजऱ्यापाशी तो डबा बघून हसू आवरेना. आपल्या पाळणाखोलीत असली सुबक मांडणी कुणी केली नव्हती, हे तिने मनातल्या मनात कबूल केलं.

रविवारी नणंद आली. ती वाहतूक पोलीस. भर चौकात ट्रकवाल्यांना अशी झाडायची की ट्रक आपोआप मागे जायचा.

"एवढंच ना? मी सांगते," सगळं ऐकून ती म्हणाली. "तुम्ही दोघं म्हणजे अगदीच लोणी आहात, वहिनी. वर्षभर माणसाला काय फुलासारखं झेलायचं?"

ती पट्टीत गेली. सूनबाई आणि नवरा खिडकीत डोकी जोडून उभे राहिले. नणंदेने कमरेवर हात ठेवले, छाती भरून श्वास घेतला. आप्पांनी वळून पाहिलं, तिच्या हातात डबा दिला आणि म्हणाले, "जरा धर गं. तुझे डोळे तरुण आहेत. त्या पोंग्यात बघ बरं कुणी आहे का."

नणंद परत आली तेव्हा तिच्या बोटांना हिरवं लागलं होतं.

"सांगितलंस?"

"सतरा सापडल्या मला," नणंद म्हणाली आणि हात धुवायला गेली. नळाखाली हात धरून पाठमोरीच पुटपुटली, "आप्पा म्हणाले, नजर चांगली आहे तुझी. असं त्यांनी मला कधी म्हटलं नव्हतं, वहिनी."

ट्रॅक्टरवालीने यायचा दिवस कळवला, तोही सकाळचा. मग तिघांनी मिळून बेत आखला. आप्पा पहाटे वेचतील. वेचू दे. ते दाढीला बसले की सूनबाई पिंजरा रिकामा करून अळ्या पट्टीत सोडेल. पाहुणे येईपर्यंत नणंद आप्पांना चहात गुंतवून ठेवेल, नवरा त्यांच्या चष्म्याची काडी घट्ट करत बसेल. चष्मा त्याच्या हातात म्हणजे आप्पा जागेवर. सगळं ठरल्यासारखं झालं. पोंग्यापोंग्यात अळी बसवून सूनबाई फाटकाशी गेली, तेव्हा तिच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. ट्रॅक्टरवाली आली, मागे बागायतदारांचा घोळका, बुटांना चिखल, तोंडावर 'बघू या तर खरं' असा भाव. सूनबाईने त्यांना ओढा दाखवला, दगड उलटा करून पाठीवर घर घेतलेला किडा दाखवला, तो बघून एक जाडजूड बागायतदार "अरे, हा तर आमच्या मेव्हण्यासारखा, सगळा संसार घेऊन फिरतो," म्हणाला आणि सगळे हसले. मोठ्या झोकात ती त्यांना वळसा घालून घरामागे घेऊन आली.

पट्टी लखलखत होती.

एकाही पानाला भोक नव्हतं, कारण भोकं पडलेली पानं कात्रीने कापून टाकली होती. उरलेली ओल्या फडक्याने पुसली होती. पोंगे कसे धुऊन-निथळून उभे. आणि पट्टीच्या टोकाला इस्त्रीच्या सदऱ्यात आप्पा उभे, चष्म्याशिवाय, हातात फडकं, चेहऱ्यावर तेज. पाहुणे यायचेत आणि मागे एक हात फिरवायचा राहिलाय, असं म्हणून ते चहाचा कप ठेवून मागच्या दाराने निघाले होते. चष्म्यावाचून अळी दिसली नसेल तर बोटांनी चाचपून काढली असेल.

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो आप्पांचा चष्मा हातात घेऊन दाराआड उभा होता आणि काच पुसत होता. नणंद आकाशाकडे बघत होती, जणू तिथे रहदारी तुंबलीय.

"काय देखणी पट्टी आहे हो!" एक बागायतदार म्हणाला.

आप्पा लाजले.

ट्रॅक्टरवालीने एक पोंगा उघडून पाहिला. दुसरा पाहिला. चार-पाच ताटं सोडून पुढचा पाहिला. "मॅडम, अळी कुठाय?"

सूनबाईच्या जिभेवर सगळं उत्तर तयार होतं. एका वाक्याचं तर होतं. तिने आप्पांकडे पाहिलं. ते तिच्याकडे पाहून हसले, कामाची पसंती मिळालेल्या माणसासारखे.

"यंदा..." ती म्हणाली, "जरा कमीच आहेत."

"कमी कुठल्या, नाहीतच!" ट्रॅक्टरवाली हात झटकत म्हणाली. "अळीच उरली नाही तर आसरा कुणाला द्यायचा? ठरल्याप्रमाणे विषय संपला, मॅडम. राग मानू नका."

"कुठला विषय?" आप्पांनी विचारलं.

"पट्टीचा, काका. पुढच्या वर्षी कुठेच पट्टी नको. अळ्याच नाहीत तर काय करायची?"

"अळ्या नाहीत?" आप्पांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या इस्त्रीला सुरकुती दाखवली. "कोण म्हणतं नाहीत? मग मी रोज पहाटे कंबर मोडून वेचतो ते काय मोती?"

सगळ्या माना आप्पांकडे वळल्या. आप्पांच्याही लक्षात आलं की आपण काय बोललो, पण आता माघार कुठली? ते ताडताड पिंजऱ्याकडे निघाले, मागून सगळा घोळका. पिंजऱ्यात पानांच्या पदरांमध्ये एकेक अळी, टुमटुमीत, खाण्यात दंग. जाळीच्या वरच्या कोपऱ्यात तपकिरी पतंगही बसलेले, सूनबाईकडून वेळेत बाहेर काढायच्या राहून गेलेल्या कुणाकुणाचे. बागायतदार वाकवाकून बघायला लागले.

"अबब! केवढ्या या!"

"ही नुसती आत्ताची खेप," आप्पा छाती काढून म्हणाले. "कितीही वेचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच. संपतच नाहीत!"

हे मात्र सूनबाईला सहन होईना. पट्टी गेली तरी चालेल, पण खोट्यावर उभी राहायला नको. "आप्पा, त्या त्याच आहेत," ती म्हणाली. "बहुतेक त्याच. काही रोज नव्या येतात, पण बाकीच्या मीच संध्याकाळी परत सोडते."

"तू?"

"हो."

"म्हणजे मी वेचतो आणि तू..." आप्पांनी फडक्याची घडी घातली, मोडली. "आणि मी वेचतो हे तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक होतं."

जाडजूड बागायतदाराला आधी हसू फुटलं, मग ट्रॅक्टरवालीला, आणि मग सगळ्या घोळक्यात ते वणव्यासारखं पसरलं. ट्रॅक्टरवालीने पदराने डोळे टिपले. "मॅडम, एवढा वेचणारा माणूस असूनही इतक्या अळ्या तगल्या आणि वर नव्याही येतात म्हणता, तर न वेचता काय बहार येईल! ठेवतो आम्ही पट्ट्या. सगळे ठेवतो. पण काका, तुम्हाला आमच्याकडे राखणीला बोलवणार नाही हं!" मग तिला राहवेना. "पण तुम्हाला मॅडमनी वेचू नका म्हणून सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं," आप्पा म्हणाले. मग ट्रॅक्टरवालीला सोडून ते सूनबाईकडे वळले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात तक्रार आली. "मग वेचताना पाहिलंस तेव्हा का नाही बोललीस? का नाही झापलंस? वर्ष झालं, या घरात मला कुणी वेडंवाकडं बोलत नाही. चहात साखर नसते तरी मी छान म्हणतो, तुम्हीही छान म्हणता. तुझी सासू होती तेव्हा दिवसातून एकदा तरी माझी हजेरी घ्यायची. पायपुसणं वाकडं का, दिवा चालू का. भांडायला कुणीतरी लागतं गं माणसाला. ते उरलं नाही, म्हणून मग या अळ्यांशी भांडत होतो."

नवरा दाराआडून पुढे आला, चष्मा तसाच हातात. नणंदेने आकाश सोडून जमिनीकडे पाहिलं. बागायतदारांनी हसणं थांबवून आपापल्या बुटांवरचा चिखल न्याहाळला.

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी तिच्या पोटातून, कित्येक महिन्यांत आलं नव्हतं असं, खणखणीत काहीतरी वर चढत आलं. तिने कमरेवर हात ठेवले. आवाज एवढा चढला की ओढ्यापलीकडच्या मक्यातले पक्षी भुर्र उडाले.

"आप्पा! वर्षभराची माझी मेहनत आज पाण्यात घालत होतात तुम्ही, कळतंय का? राखण करायची म्हणजे राखणच करायची! उद्यापासून एका जरी अळीला हात लावलात ना, तर माझ्याशी गाठ आहे, सांगून ठेवते!"